आत्याबाई, तुम्ही काशीला काय सोडलं?

आत्याबाई,

तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि तुमची पत्र्याची पेटी मी अजून माळ्यावर टाकलेली नाही. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की ही पेटी खाली निघायची, दोन दिवस उन्हात तापायची, आणि तुम्ही पलंगावर बसून हुकूम सोडायच्या. तवा घातला का? वातीचा स्टोव्ह घातला का? उलथनं गेल्या खेपेला इसरलीस, ध्यान हाय ना? यंदाही तुमच्या लेकानं सवयीनं पेटी खाली काढली. मग आम्ही दोघं तिच्याकडं बघत बसलो, कारण कुठं जायचं ते सांगणारं घरात कोणी नव्हतं.

लोक येतात, तुमच्याबद्दल चांगलंचुंगलं बोलतात, जातात. मला मात्र तुमच्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं. सासू अशी मधेच उठून जात असते का?

जालना जिल्हा झाला त्याच उन्हाळ्यात मी सून होऊन नवीन जालन्यात आले. केदारखेड्याची पोर मी, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेली. पहिल्याच दिवशी तुम्ही अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आता आपण जिल्ह्याचे लोक. सुनंला भाकर कशी घालायची? आमच्या घरी रोज पोळ्या व्हत्यात!" त्या पोळ्यांनीच माझा घात केला. ते कळायला आपल्याला चार वर्षं लागली.

पोट फुगायचं, जुलाब थांबायचे नाहीत, केस मूठमूठ गळायचे. आणि मी जेवढी आजारी पडायचे तेवढं तुम्ही मला हलकं खायला घालायच्या. भाकरी जड, म्हणून बंद. सकाळी चहा-टोस, दुपारी रव्याची पातळ खीर, रात्री दुधात कुस्करलेली पोळी. सगळा गहूच, आत्याबाई! माहेरी गेले की आई भाकरी-ठेचा वाढायची आणि पंधरा दिवसांत माझे गाल वर यायचे. परत आले की पुन्हा अंथरूण. एकदा मी मोरीत भांडी घासत होते आणि तुम्ही ओट्यावर बायांना सांगत होत्या, "सोंग हाय बाई सगळं. माहेरचं पाणी मानवतं अन् सासरचं न्हाई मानवत, असं कुठं असतंय का?"

ते वाक्य मी पुढं पंचवीसएक वर्षं पदराला बांधून फिरले. तुम्ही चुकला होतात, एवढं एकदा तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. दुसरं काही मागितलं नसतं मी.

शेवटी औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा काढून तपासला आणि रोगाचं नाव सांगितलं, सिलिॲक. तुम्हाला ऐकू आलं 'शिळ्याक'. तुम्ही तिथंच उसळल्या, "डॉक्टरसाहेब, आमच्या घरी सुनंला शिळं घालत न्हाई! ताजं करून घालते, बिलकुल ताजं! कोणाला बी इचारा!" डॉक्टरांना हसू आवरेना. ते म्हणाले, आजी, ताजा गहूसुद्धा हिला चालत नाही, जन्मभर नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ खुशाल घाला. तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा गप्प झालेलं बघितलं. बदनापूर आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "भाकरच घालायची व्हती व्हय? मंग चार वर्षं आपण काय करून राह्यलो?"

भाकरी सुरू झाली आणि मी उभी राहिले. दीड वर्षात संगी झाली. तुम्ही नातीला घेऊन गल्लीभर मिरवल्या. सगळं गोड झालं असतं, पण तुमच्या पायाला भिंगरी होती आणि ती भिंगरी माझ्या पोटापायी बंद पडली. माझ्या लग्नाआधी दर दिवाळीला तुम्ही पोरांना घेऊन कुठं ना कुठं जायच्या. आता बाहेर पडलं की प्रश्न यायचा, हिनं खायचं काय? हॉटेलात पुरी-भाजी, पाहुण्यांकडं पोळी, देवस्थानात शिरा. चार वर्षं आपण कुठं गेलो नाही. सुट्ट्या अंगणातच जायच्या. शेजारणी विचारायच्या, "यंदा कुठं?" आणि तुम्ही म्हणायच्या, "गुडघे दुखून राह्यले माझे." तुमचे गुडघे ठणठणीत होते, हे मला माहीत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यातच ती होळी आली. आत्याबाई, तुमचा आग्रह अख्ख्या जालन्यात मशहूर. तुमच्या पंगतीत माणूस पोट भरलं म्हणून कधी उठला नाही. तुम्ही मागं येऊन, त्याचा हात बाजूला सारून, आणखी दोन वाढल्यावरच तो सुटायचा. तुमच्या लेकाच्या कंपनीतले साहेब तर आपल्याकडं जेवायला यायचं म्हणलं की सकाळचा नाश्ता टाळायचे. त्या होळीला तुम्ही तुपात थबथबलेली पुरणपोळी घेऊन माझ्यासमोर बसल्या. "आता बरी झालीस की. सणाचं न्हाई म्हणू न्हाई. एका घासानं काय होतंय?"

मी खाल्ला तो घास. तुमच्या हातचं पुरण होतं, खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. तीन दिवस सलाइनवर होते. तुम्ही दवाखान्याच्या बाकड्यावर बसून होत्या, आत आल्या नाहीत. लेकानं आणलेला डबाही तुम्ही उघडला नाही, हे मला नर्सबाईनं सांगितलं. घरी आल्यावर त्या घासाबद्दल तुम्ही काही बोलल्या नाहीत. मीही नाही.

आणि त्याच दिवाळीला तुम्ही पेटी खाली काढली. "जायाचं," म्हणाल्या. "घरात बसून कोण बरं झालंय?"

ती पहिली बैठक मला अजून दिसते. तुम्ही पलंगावर, तुमचा लेक खाली नकाशा पसरून, संगी नकाशावर नाचत. ह्यांची बियाण्याच्या कंपनीत फिरतीची नोकरी, त्यामुळं कुठं काय पेरतात ते ह्यांना तोंडपाठ. लोक सहलीला निघाले की विचारतात, तिथं बघायला काय आहे? तुमचा प्रश्न एकच, "तिकडं काय पिकतं?"

"दिल्ली-आग्रा?" हे म्हणाले.

"काय पिकतं?"

"गहू."

"काट."

"अमृतसर?"

"तिकडं?"

"गहूच गहू."

"काट की मंग! येडा हायेस का? कोकणात काय पिकतं?"

"भात."

"बांध गाठोडं!"

असं आपलं ठरायचं. ताजमहाल आपण कधी बघितला नाही, पण भाताचं एकही खाचर सोडलं नाही. आणि तुमची तयारी तरी काय! दशम्या ज्वारीच्या, दुधात मळलेल्या, म्हणजे तीन दिवस टिकतात. शेंगदाण्याची चटणी, लाह्या, भगर. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना तुटते, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी गिरणी उघडायच्या आधी तुम्ही दारात उभ्या. आदल्या दिवसाचा गहू जात्यात राहिला असेल म्हणून पहिल्या दोन ओंजळी ज्वारी नुसती दळून घ्यायची आणि ते पीठ गाईला. गिरणीवाला वैतागायचा. तुम्ही म्हणायच्या, "तुला काय, माझ्या सुनंचं आतडं हाय ते." बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळतात हे कळल्यापासून खड्याचा हिंग तुमच्या कनवटीला असायचा. एसटीत तुमच्या शेजारी बसलेला माणूस दोन थांबे गेले की जागा बदलायचा.

कोकणाच्या वाटेवर पुण्याला ह्यांच्या चुलतभावाकडं मुक्काम होता. त्यांच्या बायकोनं हौसेनं श्रीखंड-पुरी केली होती. मी नको म्हणाले. आतडं, डॉक्टर, सगळं समजावून सांगितलं. ती बिचारी ऐकून घ्यायची आणि पुन्हा पुरी पुढं करायची. शेवटी म्हणाली, "अहो, एका पुरीनं काय होतंय?"

तुम्ही ताटावरून मान वर केली. तुमचा चेहरा मी बघितला, आत्याबाई. तुमचंच वाक्य तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं होतं.

"तिला वाढू नका," तुम्ही म्हणाल्या. "तिनं काशीला गहू सोडलाय."

काय जादू झाली! ती बाई दोन पावलं मागं सरली. पुरीचं ताट झाकलं, हात जोडले, आणि "आधी सांगायचं नाही का वहिनी" म्हणत भाताचं आधण ठेवलं. दहा मिनिटं मी आतड्याचं पुराण लावलं होतं त्यानं जे झालं नाही ते तुमच्या एका शब्दानं झालं. मग ती कौतुकानं विचारती झाली, "एवढ्या लहान वयात काशी? कधी गेल्या होत्या?"

तुम्ही एक घोट पाणी प्यायल्या. "लगनाच्या आधी. हिच्या माहेरच्यांनी नेल्तं. लई धार्मिक लोक हायेत ते."

मला ठसका लागला. ज्या माहेराच्या पाण्याला तुम्ही नावं ठेवली, त्याला तुम्हीच फुकटात काशी घडवली. माझ्या बापानं भोकरदनच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एसटीत मी भांडले. म्हणाले, "आत्याबाई, देवाच्या नावानं खोटं बोलायचं? मला रोग आहे, मी तो लपवणार नाही. मी काशी बघितलेलीसुद्धा नाही!"

"मंग? गहू तर सोडलाय ना?"

"सोडला नाही, सुटलाय."

"एकच ते."

"एकच कसं? मी कुठं मनानं सोडलाय? तुमच्या गंगेला कळणार नाही का?"

गाडी घाट उतरायला लागली तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "गंगेचं मी बघून घेईन. तू दशमी खा." तेच आपलं अर्ध्यावरचं भांडण. मी अजूनही म्हणते की तुम्ही खोटं बोललात. आणि अजूनही लग्नाकार्यात कोणी पोळी पुढं केली की माझ्या तोंडून तेच निघतं.

कोकणात मात्र मी जिंकले. ज्यांच्याकडं उतरलो त्या काकूंकडं सकाळी घावन, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी. लग्नानंतर पहिल्यांदा मी परक्या घरात, न विचारता, पहिल्या पंगतीला बसून जेवले. घावन किती खाल्ले ते मोजायचं तुम्ही काम केलंत आणि "अकरा!" म्हणून सगळ्या अंगणाला सांगितलं. तुम्हाला स्वतःला ती भाकरी आवडली नाही. "पांढरीफट हाय, चव न्हाई काई," म्हणत रोज तीन खायच्या. तुमच्या मांडीवर संगी, समोर समुद्र, आणि मी हात चाटत बसलेली. तुमच्या लेकानं तेव्हा मला सांगितलं की आई चार वर्षांनी अशी हसतेय.

पुढं काचीगुड्याच्या गाडीनं, हैदराबादवरून, रामेश्वर झालं. लोक आधी काशी करतात आणि मग रामेश्वर. आपण उलटं केलं, कारण रामेश्वराला भात. तिथल्या हॉटेलवाल्याला कनवटीचा हिंग काढून दाखवत तुम्ही विचारत होत्या, "भैया, हिंग खडेवाला हाय का डब्बीवाला?" आणि तो हात जोडून तमिळमध्ये काहीतरी म्हणत होता. गोवा झाला, हम्पी झाली. पण तुमचा जीव काशीत अडकला होता आणि काशीला जाणारी सगळी वाट गव्हाची. हे म्हणायचे, आई, तू यात्रेच्या बसनं जाऊन ये. तुमचं उत्तर ठरलेलं, "सुनंला सोडून? तिच्या नावावर खोटं बोललीय मी. तिला घेऊनच जावं लागंल."

संगी सातवीत होती तेव्हा निघालो. तुमची धाकटी बहीण तान्हाबाई मावशी बदनापूरहून आली. पेटीत पाच शेर ज्वारीचं पीठ, मनमाडला गाडी बदलताना ती पेटी उचलून ह्यांची कंबर धरली. काशीच्या धर्मशाळेच्या व्हरांड्यात तुम्ही स्टोव्ह पेटवला, परात ओढली, आणि नुसत्या हातानं भाकरी थापायला बसल्या. भोवती तिकडच्या बायांचा घोळका. "बिना बेलन के!" त्या म्हणाल्या. तुम्ही फुगल्या. "ये जवारी हाय, जवारी. हमारी सून को गहू चलता नै. उसने सोड दिया."

"कहाँ छोड़ा, माँजी?"

"तुमारे इच गाव में! काशी में!"

"कब?"

"आज साम को!" तुम्ही म्हणाल्या. मी, संगी, मावशी, आम्ही हसून हसून भिंतीला टेकलो. तुम्हालाही हसू फुटलं आणि हातातली भाकरी परातीत पडली.

घाटावर गुरुजींनी एकेकाच्या ओंजळीत पाणी दिलं आणि विचारलं, काय सोडता? आवडीचं सोडायचं असतं. तुमच्या लेकानं कारलं सोडलं, जे त्यानं जन्मात तोंडात घातलं नव्हतं. मावशीनं चहा सोडला आणि परतीच्या गाडीत पुन्हा धरला. माझी पाळी आली. मी म्हणाले, "गहू." आणि मला रडूच कोसळलं. इतकी वर्षं तो माझ्याकडून हिसकून घेतलेला होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी तो माझ्या हातानं दिला. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मग तुम्ही पाण्यात उतरल्या, खूप वेळ ओठ हलवले, ओंजळ सोडली. काय सोडलं ते कोणाला सांगितलं नाही. "सांगितलं की फळ जातंय."

त्यानंतर घरात तो खेळच झाला. दोडका वाढला, तुम्ही खाल्ला. वांगं खाल्लं, पेढा खाल्ला, सुपारी चालूच. संगी वहीत यादी करायची आणि एकेक खोडायची. हे म्हणायचे, "आईनं काहीच सोडलं नाही, गंगेलाच फसवून आली."

पण मला एक दिसत होतं आणि ते सलत होतं. काशीहून आल्यापासून तुम्ही माझ्या मागं येईनाशा झाल्या. "अजून घे" नाही, "पोटभर जेवलीस का" नाही. ताट वाढून झालं की तुम्ही भिंतीला टेकून बसायच्या, हात मांडीत घट्ट धरून. मला वाटलं, खोटं फेडून झालं, आता सुनेची गरज संपली. संगी शिकायला हॉस्टेलवर गेली त्या वर्षी मी एकदा रागानं बोलले, "आत्याबाई, तुम्ही मला जेव म्हणूनसुद्धा म्हणत नाही. परक्यासारखं वाढता." तुम्ही माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि म्हणाल्या, "ज्याला पाहिजे त्यानं मागून घ्यावं." मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही खुलासा केला नाही. किती हट्टी बाई!

परवा तेरावं झालं. पंगत बसली. कंपनीतले ते साहेब, आता रिटायर झालेले, हात धुताना म्हणाले, "तुमच्या सासूबाईंच्या पंगतीत आग्रहाला भ्यायचो मी. काशीहून आल्या आणि एकदम थंडच पडल्या."

तान्हाबाई मावशी कोपऱ्यात चहा पीत होती. (हो, अजून पिते.) ती म्हणाली, "थंड कशाची पडती! तिनं गंगेत आग्रह सोडला व्हता. मी शेजारी उभी व्हते ना. म्हणली, गंगामाई, माझ्या सुनंचं खरं व्हतं, मीच चुकले. एका घासापायी माझ्या हातानं पोर गेली असती. आता कोणाला घे म्हणणार न्हाई. मला शपथ घातल्ती, म्हणून बोलले न्हाई आजवर."

मी हातातली वरणाची वाटी खाली ठेवली. आवडीचं सोडायचं असतं म्हणे. तुमच्याजवळ आग्रहाहून आवडीचं होतं तरी काय? दहा वर्षं, रोज दोन वेळा, तुम्ही मांडीत हात धरून बसल्या, आणि मी तुम्हाला परकं म्हणाले. मला जे एकदा ऐकायचं होतं ते तुम्ही गंगेला सांगून मोकळ्या झाल्या. मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, बया?

आज सकाळी मी स्वयंपाकघरात गेले. इतकी वर्षं तुम्ही मला गव्हाच्या डब्याला हात लावू दिला नाही. मी तो डबा उघडला, कणीक मळली, पुरण भरलं, आणि एक पोळी लाटली. जरा वाकडीच झाली, सवय राहिली नाही. मग कोपरापर्यंत हात धुतले, तुमची शिकवण. तुमच्या ताटात ती पोळी ठेवली, वर तुपाची धार सोडली, आणि ताट पेटीवर ठेवून समोर बसले.

तुमचं ते सोडलेलं काम आता मी धरलंय. घ्या आत्याबाई. अजून अर्धी घ्या. एका घासानं काय होतंय?